साहेब तयार आहेत

साहेब खुर्चीत बसले होते, मेलेले होते, आणि त्यांच्या कोटाचं वरचं बटण कोणीतरी कापून नेलं होतं.

इन्स्पेक्टरबाई मेकअपच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. समोरच्या मोठ्या आरशात त्यांना साहेबांचा चेहरा आणि कोटावरचे लोंबणारे दोरे दिसले, आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. खुनाच्या जागा त्यांनी काही कमी पाहिल्या नव्हत्या. पण मेलेल्या माणसाच्या अंगावरून आठवण म्हणून बटण नेणारे लोक त्या आज पहिल्यांदाच बघत होत्या.

फोन भर दुपारी आला होता. "सभागृहात साहेबांचा खून झालाय," पलीकडचा माणूस म्हणाला.

"कुठल्या साहेबांचा?"

पलीकडचा माणूस चांगलाच दुखावला. "साहेब एकच आहेत," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवून दिला.

हे एकमेव साहेब म्हणजे टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकेत वर्षानुवर्षं इन्स्पेक्टर झालेले नट. राखाडी कोट, दाट काळे केस, जाड मिशी, उजव्या भुवईवर जुन्या वाराची आडवी खूण. प्रत्येक भागाच्या शेवटी ते संशयिताच्या एक सणसणीत थोबाडीत ठेवून द्यायचे, आणि तो लगेच सगळं कबूल करायचा. इन्स्पेक्टरबाईंच्या सासूबाई हा कार्यक्रम न चुकता बघत आणि सुनेला ऐकवत, "बघ, याला म्हणतात तपास. तुमचं आपलं नुसतं जबाब आणि पंचनामे!"

आज चाहता मंडळानं साहेबांचा सत्कार ठेवला होता. सभागृह खचाखच भरलं होतं. आणि साहेब मेल्यावर या मंडळींनी पोलिसांना फोन करण्याआधी आपापला तपास उरकून घेतला होता. दाराला पिवळी फीत बांधली होती. ठसे मिळावेत म्हणून टेबलावर अंगाला लावायची पावडर फासली होती. हातात रबरी मोजे घातलेले चाहते आतबाहेर करत होते, आणि आरशासमोर उभं राहून एकमेकांचे फोटो काढत होते. मागे साहेब नीट यावेत, एवढीच काळजी होती.

"बाहेर!" इन्स्पेक्टरबाई ओरडल्या. "सगळे बाहेर! आणि ज्यानं बटण घेतलंय त्यानं ते हवालदाराच्या हातात द्यावं, नाहीतर एकेकाचे खिसे उलटे करते."

बटण आलं. पाठोपाठ साहेबांचा रुमाल आला, कंगवा आला, आणि एका सभ्य दिसणाऱ्या बाईंनी पर्समधून साहेबांचा डावा बूट काढून दिला.

खोली रिकामी झाल्यावर पोलिसांबरोबर आलेले डॉक्टर कामाला लागले. इन्स्पेक्टरबाई खुर्चीला वळसा घालून साहेबांसमोर वाकल्या. कोट, केस, मिशी, डाव्या भुवईवरची खूण, सगळं जिथल्या तिथे चढवलेलं होतं. डॉक्टरांनी केसांची कड उचलली. तो टोप होता. खाली तुळतुळीत टक्कल होतं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला खोल जखम.

"टेबलाच्या या लोखंडी कोपऱ्यावर आपटलेत," डॉक्टर म्हणाले. "कोणीतरी जोरात ढकललंय. पण गंमत बघा, टोपाला वरून काही झालेलं नाही. रक्त आतून लागलंय."

"म्हणजे जखम आधी, टोप नंतर."

"हो. आणि हे बघा." डॉक्टरांनी चिमट्यानं साहेबांच्या नाकपुडीतून काहीतरी बाहेर काढलं. मिशीचे दोनचार सुटे केस होते. "हे आत ओढले गेलेत. श्वासाबरोबर."

इन्स्पेक्टरबाईंनी ते केस पिशवीत ठेवून घेतले. मग त्यांनी खिडकी उघडली आणि थोडा वेळ बाहेर तोंड काढून श्वास घेतला.

चाहता मंडळाचे अध्यक्ष मान ताठ ठेवून आले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. सगळ्या शहराला नीट दिसावं म्हणून झटणारे गृहस्थ.

"गुन्हेगार आम्ही पकडलाय," ते म्हणाले. "मेकअपकाका. साहेबांचा जुना मेकअपवाला. तिकिटाच्या खोलीत कोंडून ठेवलाय. थोडं साहेबी पद्धतीनं विचारलं, पण चिवट आहे."

"साहेबी पद्धतीनं म्हणजे?"

अध्यक्षांनी अभिमानानं हवेत थप्पड मारून दाखवली.

"त्यांच्यावर संशय कशावरून?"

"तो म्हणतो, साहेबांनी आज रंग लावूच दिला नाही. टोप, मिशी, काही नको म्हणाले. म्हणून पेटी आणि कोट खोलीत ठेवून हा मागच्या अंगणात जाऊन बसला. धडधडीत खोटं! मी स्वतः दाराच्या फटीतून साहेबांना पाहिलंय. पूर्ण तयार होते."

"चेहरा पाहिलात?"

"पाठ पाहिली. राखाडी कोट, काळे केस. आरशाशी उभे होते. मी म्हटलं, साहेब, झालं का? त्यांनी न वळता हात वर केला. तो रुबाब, बाई! मी लगेच माईकवर जाऊन सांगितलं, साहेब तयार आहेत. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं."

"आणि मग?"

"मग बराच वेळ ते आलेच नाहीत. लोक चुळबुळायला लागले. छोटे साहेब वेळ मारून न्यायला स्टेजवर गेला. मी बोलवायला आलो, तर हे असं."

"छोटे साहेब कोण?"

"आमचा डुप्लिकेट. हुबेहूब! साहेबांना वेळ नसतो तिथे आम्ही यालाच नेतो. लग्नं, उद्घाटनं, सगळीकडे."

हुबेहूब छोटे साहेब बाहेर बाकावर बसून हमसून हमसून रडत होता. राखाडी कोट, काळे केस, मिशी, उजव्या भुवईवर खूण. अश्रूंनी मिशीची एक बाजू सुटत आली होती आणि तो रडता रडता ती बोटानं दाबत होता.

"आज साहेबांना भेटलास?"

"नाही हो. माझं नशीबच फुटकं. मी पलीकडच्या खोलीत माझा मेकअप करत होतो. मग स्टेजवर गेलो."

"मेकअप कोण करतं तुझा?"

"कोण करणार? मीच. रोज सकाळी आरशासमोर बसायचं. बायको म्हणते, तुझा खरा चेहरा मी विसरले." हे सांगताना तो किंचित हसला. इन्स्पेक्टरबाईंना ते हसू आवडलं नाही.

"स्टेजवर काय केलंस?"

"आपला नेहमीचा प्रवेश. थप्पड. लोकांनी परत करायला लावली."

तिकिटाच्या खोलीत मेकअपकाका जमिनीवर बसले होते. एक डोळा सुजून मिटला होता, ओठ फाटला होता. काचेला नाक लावून बाहेरचे लोक आत बघत होते, आणि कोणीतरी ओरडत होतं, "बाई, एक ठेवून द्या! लगेच बोलेल!"

इन्स्पेक्टरबाईंनी स्वतःची ओढणी काचेवर टांगली आणि काकांना पाणी दिलं.

"रंग का नको म्हणाले ते?"

"त्यांना माफी मागायची होती," काका सावकाश म्हणाले. "मागं एका गावात या लोकांनी एका हमालाला पकडलं. कुणाची तरी साखळी हरवली होती. साहेबी पद्धत. बोलत नाही म्हणून मारतच गेले. माणूस मेला. साखळी पलंगाखाली सापडली."

"आणि?"

"आणि साहेब त्या बाईला भेटायला गेले होते, त्याच्या बायकोला. तिच्या लेकरानं यांना बघितलं आणि गाल झाकून घेतला. तेव्हापासून झोप नव्हती यांना. आज म्हणाले, काका, आज माझाच चेहरा घेऊन जातो. सांगतो, साहेब संपला, हे सगळं खोटं होतं. मला म्हणाले, तुम्ही जरा बाहेर बसा, मला बोलायची तयारी करू द्या." काकांनी फाटका ओठ पुसला. "मी बसलो बाहेर. मी का बसलो बाहेर?"

"बाहेर तुम्हाला कोणी पाहिलं?"

"कोणी नाही. मला कोण बघतंय?"

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. "तो मेकअपवाला उचल आणि मोकळी हो. बाहेर कॅमेरे आलेत, लोक खवळलेत."

"त्याला आत्ता बाहेर नेलं तर गाडीपर्यंत पोचणार नाही, सर. मारून टाकतील."

"मग आधी सांग त्यांना, गुन्हेगार सापडला म्हणून. लोक शांत होतील. उगाच लांबण लावू नकोस."

इन्स्पेक्टरबाईंनी फोन ठेवला, तर लगेच दुसरा वाजला. सासूबाई होत्या. रडून आवाज बसला होता.

"खरंच गेले का गं? टीव्हीवर दाखवतायत. अगं, मी त्या उजव्या भुवईवरच्या खुणेकडे बघत भाजी चिरायचे. असा माणूस होणे नाही!"

"आई, मी कामात आहे."

"कामात काय? मेकअपवाल्यानं केलंय म्हणे. एक थोबाडीत—"

"आई, काय म्हणालात? खूण कुठे?"

"उजव्या भुवईवर. डोळे झाकून सांगेन. का गं?"

इन्स्पेक्टरबाई उत्तर न देता मेकअपच्या खोलीत गेल्या. त्यांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे समोरून पाहिलं, मग आरशातून पाहिलं, मग पुन्हा समोरून पाहिलं. डॉक्टरांना त्यांनी भुवईच्या कडेला बोट दाखवून काहीतरी विचारलं. डॉक्टरांनी भिंग लावलं आणि मान डोलावली.

त्यांनी हवालदाराला एका रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसवलं. भिंती कोऱ्या होत्या. काकांच्या पेटीतली रबराची खूण आणि डिंकाची बाटली टेबलावर ठेवली, आणि तिघांना एकेक करून आत बोलावलं.

"मला टीव्ही बघायला वेळ मिळत नाही," त्या प्रत्येकाला म्हणाल्या. "ती खूण कशी असते, जरा याला लावून दाखवा."

अध्यक्षांनी फार वेळ घेतला. मागे सरून एक डोळा मिटला, पुन्हा पुढे झाले, आणि हवालदाराच्या उजव्या भुवईवर खूण चिकटवली. "टीव्हीसमोर बसलं की ती आपल्या डाव्या हाताला येते. मी चुकणार नाही," ते म्हणाले.

मग मेकअपकाका आले. त्यांनी आधी हवालदाराचा घाम टिपला, ब्रशनं डिंक लावला, चिमट्यानं खूण उचलली आणि उजव्या भुवईवर अलगद ठेवली. बोट कुठेच लावलं नाही.

डुप्लिकेट आत आला तेव्हा त्याचं रडणं थांबलं होतं. "एवढंच ना? झोपेत लावीन," तो म्हणाला. डिंक बोटानं फासला, हवालदाराच्या समोर उभा राहिला आणि अंगठ्यानं खूण दाबून बसवली. एका झटक्यात. डाव्या भुवईवर.

"झकास," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "हाताला सवय आहे हो तुझ्या."

"मग! रोजचं काम."

त्यांनी सगळ्यांना मेकअपच्या खोलीत बोलावलं. साहेबांवर चादर घातली होती. अध्यक्ष चादरीकडे बघून डोळे टिपत होते.

"हा खून मेकअपकाकांनी केलेला नाही," इन्स्पेक्टरबाईंनी सुरुवात केली. "साहेब मागच्या दारानं आले ते टक्कल आणि साधा सदरा घेऊन. त्यांना तसंच स्टेजवर जायचं होतं. काका बाहेर गेल्यावर कोणीतरी आत आलं. साहेबांनी त्याला आपला बेत सांगितला. त्यानं त्यांना ढकललं. डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं. इथवर भांडण म्हणू आपण. पुढचं मात्र मला सांगतानाही किळस येते."

त्यांनी चादरीची सरकलेली कड नीट केली.

"दुसऱ्या कोणी काय केलं असतं? पळाला असता, नाहीतर डॉक्टर बोलावला असता. यानं साहेबांना खुर्चीत बसवलं आणि त्यांचा मेकअप केला. कोट चढवला. फुटलेल्या डोक्यावर टोप घातला. मिशी लावली. कारण साहेब बिनमिशीचे, टकले सापडलेले याला चालणार नव्हते. ही चूक चोर करत नाही, वैरी करत नाही. चाहताच करतो."

"पण मी त्यांना उभं पाहिलं!" अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही एक पाठ पाहिलीत, अध्यक्ष. साहेब त्या पाठीच्या पुढे खुर्चीत होते, फटीतून दिसत नव्हते. ज्याच्या नावानं मंडळ काढलंत, तो कोण आणि त्याचा डुप्लिकेट कोण, हे तुम्हाला ओळखता आलं नाही."

डुप्लिकेट दाराकडे बघायला लागला. तिथे हवालदार उभा होता, भुवईवर खूण घेऊन.

"साहेबांची खूण उजव्या भुवईवर असते. मेलेल्या साहेबांची डाव्या भुवईवर आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी फोटो काढले? कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे आरशात बघत होते. आरशात डावं-उजवं बदलतं, तुम्हाला ती टीव्हीसारखीच दिसली. आता चूक कोण करेल? काका आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे रंगवतायत, ते करणार नाहीत. टीव्ही बघणाराही करणार नाही, त्यानं साहेबांना नेहमी समोरूनच पाहिलंय. चूक तोच करेल, ज्यानं ही खूण फक्त स्वतःला लावलीय, रोज, आरशात बघून. त्याला आरशात ती उजव्या हाताला दिसते. समोर दुसरा माणूस बसला की त्याचा हात सवयीनं तिथेच, उजवीकडे जातो. आणि समोरच्याची ती डावी भुवई असते."

"मी नाही—" डुप्लिकेट पुटपुटला.

"मघाशी हवालदाराला तू तशीच लावलीस. अंगठ्यानं दाबून. साहेबांच्या भुवईवरही डिंकात अंगठ्याचा ठसा सुकलाय. काका चिमटा वापरतात. तुझा ठसा घ्यायला किती वेळ लागेल?"

डुप्लिकेटनं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. आणि मग, इन्स्पेक्टरबाईंना वाटलं होतं तसा तो रडला नाही. तो चिडला.

"ते टक्कल घेऊन जाणार होते लोकांसमोर!" तो म्हणाला. "मला म्हणाले, तूही हे सोड, तोंड धू आणि घरी जा. घरी कोण आहे मी? मी त्यांना पाया पडून सांगितलं. ऐकेनात. मी नुसतं ढकललं."

"ते जिवंत होते."

"मला नव्हतं माहीत."

"मिशीचे केस त्यांच्या नाकात गेलेत. तुझ्या हाताला श्वास लागला असेल."

डुप्लिकेटनं स्वतःची सुटत आलेली मिशी बोटानं दाबली. मग हळूच म्हणाला, "मिशी अर्धी लागली होती तेव्हा ते हलले. पण अर्ध्या मिशीत कुणाला बोलावणार?"

मेकअपकाकांनी सुजलेला डोळा हातानं झाकला.

"आणि बाहेर टाळ्या वाजत होत्या," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "त्यांना तसंच सोडून तू स्टेजवर जाऊन थपडा मारून दाखवल्यास. दोनदा. शी! घेऊन जा रे याला, मागच्या दारानं."

त्याला नेल्यावर अध्यक्ष जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, एक विनंती. टकलाचं बाहेर कळू देऊ नका. लोकांना शेवटचं दर्शन हवंय. तेवढा टोप—"

"टोप पुरावा आहे," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "मिशीही. पण दर्शन घडवते. चेहरा उघडा ठेवून नेते, मग तर झालं?"

त्यांनी स्टेजवर जाऊन माईक घेतला. मेकअपकाका निर्दोष आहेत, खरा आरोपी ताब्यात आहे, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. ज्यांनी काकांना मारलं त्यांच्यावर गुन्हा दाखल होणार, हेही सांगितलं. ते कोणी ऐकलं नाही. लोकांनी ओरडून दोनच गोष्टी विचारल्या: कोण आहे तो, आणि साहेबांना कधी आणणार? काकांना चोपणाऱ्यांपैकी एक जण पुढे येऊन काकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायला लागला. साहेबांच्या चेहऱ्याला एवढी वर्षं लागलेला हात म्हणून. हवालदारानं त्याची कॉलर धरली.

डॉक्टरांनी टोप, मिशी आणि खूण पिशव्यांत घातली. मग मेकअपकाकांनी विचारलं, "डिंक पुसू का? राहिला की त्यांच्या कातडीला आग होते." डॉक्टरांनी इन्स्पेक्टरबाईंकडे पाहिलं. ठसा उचलून झाला होता. त्यांनी मान डोलावली.

काकांनी कापसावर तेल घेतलं आणि नेहमी शूटिंग संपल्यावर पुसत तसा चेहरा पुसला. आधी कपाळ, मग गाल, मग वरचा ओठ. खाली एक थकलेला, साधा म्हातारा माणूस होता.

स्ट्रेचर निघालं. लांब बोळात दोन्ही बाजूंना गर्दी होती, सगळ्यांचे फोन वर. इन्स्पेक्टरबाई पुढे चालत होत्या, काका स्ट्रेचरची दांडी धरून. चेहरा उघडा होता. लोकांनी खाली वाकून पाहिलं.

"हा कोण म्हातारा?"

"असेल सभागृहातलाच कोणी. गर्दीत दगावला वाटतं."

"अहो, बाजूनं न्या ना याला! मधे कशाला? साहेब यायचेत मागून."

एका बाईंनी स्ट्रेचर चुकवण्यासाठी साडीचा पदर सावरला आणि नाकाला रुमाल लावला. त्यांच्या छातीवर साहेबांच्या चित्राचा बिल्ला होता. एका तरुणानं काकांना कोपरानं मागे सारलं, म्हणजे त्याच्या फोनला आतलं दार नीट दिसावं.

इन्स्पेक्टरबाई थांबल्या. एका क्षणासाठी त्यांना मोठ्यानं सांगावंसं वाटलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली, नको.

गर्दी फोन उंच धरून आतल्या दाराकडे बघत राहिली, आणि स्ट्रेचर कोणाचाही हात न लागता गाडीपर्यंत गेलं.